डावा काठ दिला, राज्य राखलं

रत्नागिरीतला थिबा पॅलेस १९१० साली बांधून झाला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा त्याआधी चोवीस वर्षं याच गावात इंग्रजांच्या नजरकैदेत राहत होता आणि १९१६ मध्ये इथंच वारला. त्याचं राज्य ज्या तंट्यात गेलं, त्याच्या एका टोकाला मुंबईची कंपनी होती. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे थिबाच्या जंगलांतून सागवान तोडण्याचा मक्ता होता. ओंडक्यांची संख्या कमी दाखवून कंपनीनं कर बुडवला, असा ठपका ठेवून थिबाच्या मंत्रिमंडळानं १८८५ च्या ऑगस्टमध्ये तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना खरी काळजी होती ती वेगळीच. थिबानं त्याच वर्षी फ्रान्सशी तह केला होता आणि मंडालेत फ्रेंच वकील येऊन बसला होता. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरमध्ये आगबोटी इरावतीतून वर सरकल्या आणि पंधरवड्यात लढाई आटोपली. १ जानेवारी १८८६ रोजी थिबाचा मुलूख ब्रिटिश साम्राज्यात सामील झाल्याचं जाहीर झालं.

ही बातमी बँकॉकला पोचली तेव्हा सयामचा राजा चुलालाँगकॉर्न बत्तीस वर्षांचा होता, थिबापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा. त्याच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला इंग्रज होते. पूर्वेला कंबोडिया आणि व्हिएतनाम ताब्यात घेतलेला फ्रान्स होता. एका बलाढ्य सत्तेला दुसरीचा धाक दाखवून आपण मोकळं राहायचं, हा डाव थिबानं मांडला आणि तो हरला. चुलालाँगकॉर्न तोच डाव पुढची पंचवीस वर्षं खेळला. १९१० च्या ऑक्टोबरमध्ये तो वारला, तेव्हा आग्नेय आशियात स्वतंत्र उरलेलं सयाम हे एकमेव राज्य होतं.

असं का झालं, याचं एक तयार उत्तर इतिहासाच्या पुस्तकांत मिळतं. ब्रिटिश ब्रह्मदेश आणि फ्रेंच इंडोचायना यांच्यामध्ये दोघांनाही थोडी मोकळी जागा हवी होती, म्हणून सयाम वाचलं. हे खोटं नाही, पण अर्धं आहे. दोन साम्राज्यांच्या मधली जागा कोणाच्या तरी संरक्षणाखाली जाऊ शकते, किंवा दोघं मिळून ती वाटूनही घेऊ शकतात. कंबोडियाही कधीकाळी दोन शेजाऱ्यांच्या मधोमधच होता. दोघांच्या वैरातून सयामला मिळाला तो फक्त वेळ. त्या वेळात राजानं काय केलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहिल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

सुरुवात त्याच्या वडिलांपासून करावी लागते. राजा मोंगकुटनं १८५५ मध्ये हाँगकाँगचा गव्हर्नर सर जॉन बाउरिंग याच्याशी तह केला. आयात मालावर फक्त तीन टक्के जकात, आणि सयाममध्ये राहणाऱ्या ब्रिटिश प्रजाजनांचे खटले सयामी न्यायाधीशाऐवजी ब्रिटिश वकिलापुढे. अटी अपमानास्पद होत्या; पण चीनला अशाच अटी तोफांखाली मान्य कराव्या लागल्या, हे मोंगकुटनं पाहिलं होतं. मग त्यानं एक शहाणपण केलं. इंग्रजांना जे दिलं तेच पुढच्या वर्षी अमेरिकेला आणि फ्रान्सला दिलं, आणि त्यानंतर डेन्मार्कसह युरोपातल्या इतर देशांनाही. दार उघडावंच लागलं, तर ते एकट्यासाठी उघडायचं नाही. १८६७ मध्ये पॅरिसला गेलेल्या आपल्या वकिलाला लिहिलेल्या पत्रात त्यानं आपल्या देशाची स्थिती सांगितली आहे: नदीत वर पोहत जाऊन मगरीशी मैत्री करायची, की समुद्रात जाऊन देवमाशाला धरून राहायचं? मगर म्हणजे फ्रेंच, देवमासा म्हणजे इंग्रज. त्याच वर्षी त्याला कंबोडियावरचा हक्क फ्रान्सच्या नावे सोडावा लागला.

मोंगकुट ज्योतिषगणितात पारंगत होता. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण, ज्यासाठी आपला विजयदुर्ग प्रसिद्ध आहे तेच, सयामच्या कोणत्या किनाऱ्यावरून दिसेल याचं गणित त्यानं स्वतः केलं होतं. वा को नावाच्या दलदलीच्या जागी त्यानं तळ ठोकला. फ्रेंच शास्त्रज्ञांना बोलावलं आणि सिंगापूरच्या ब्रिटिश गव्हर्नरलाही. ग्रहण पाहतानासुद्धा पारडी समान ठेवायची होती. तिथून तो हिवताप घेऊन परतला आणि १ ऑक्टोबरला गेला. पंधरा वर्षांचा चुलालाँगकॉर्नही त्याच तापानं अंथरुणाला खिळला होता. तो वाचेल की नाही याचीच शंका असताना त्याला राजा केलं गेलं, आणि पुढची पाच वर्षं कारभार पाहिला तो एका मातब्बर सरदारानं.

या पाच वर्षांत तरुण राजानं प्रवास केला. १८७१ मध्ये सिंगापूर आणि बटाव्हिया, आणि १८७२ च्या आरंभी हिंदुस्थान: कलकत्ता, दिल्ली, आग्रा, लखनौ, कानपूर, मुंबई, काशी. रेल्वे, टपाल, तुरुंग, इस्पितळं, कारखाने असं सगळं त्यानं पाहिलं. ज्या देशानं आपल्याला उद्या गिळावं अशी भीती आहे, त्याचाच कारभार जवळून निरखायचा, ही त्याची रीत पुढेही कायम राहिली. उत्तर सयाममधल्या चियांग माईच्या जंगलांत ब्रिटिश प्रजाजन असलेले लाकूडवाले आणि स्थानिक राजे यांची भांडणं वाढली, तेव्हा त्यानं ती चिघळू दिली नाहीत. १८७४ मध्ये कलकत्त्यात आणि पुन्हा १८८३ मध्ये त्यानं यासाठी इंग्रजांशी करार केले. पुढे १८९६ मध्ये सयामचं वनखातं उभारायला त्यानं ब्रह्मदेशच्या ब्रिटिश वनखात्यातलाच अधिकारी आणला. थिबाचं राज्य ज्या सागवानापायी गेलं, तेच सागवान इथं कागदोपत्री बांधलं गेलं.

१८८५ च्या जानेवारीत, म्हणजे मंडाले पडायच्या दहा महिने आधी, युरोपातल्या वकिलातींत काम करणारे राजघराण्यातले काही तरुण आणि अधिकारी यांनी राजाला लांबलचक निवेदन पाठवलं. त्यात पुढाकार पॅरिसमधला वकील राजपुत्र प्रिस्दांग याचा होता. त्यांचं म्हणणं थेट होतं: घटना, मंत्रिमंडळ आणि कायद्यापुढची समानता आणली नाही, तर युरोपीय आपल्याला सुसंस्कृत मानणार नाहीत, आणि तसं न मानण्याचा अर्थ राज्य जाणं हाच आहे. राजानं त्यांना परत बोलावलं, पण उत्तरही दिलं. धोका त्याला मान्य होता. आधी कारभार चालवणारी माणसं आणि खाती उभी राहू देत, असं त्याचं म्हणणं होतं. घटना त्याच्या हयातीत आलीच नाही. खाती मात्र आली. त्याच वर्षी त्याचा सावत्र भाऊ देवावोंग परराष्ट्रमंत्री झाला आणि १९२३ पर्यंत, दोन राजांच्या काळात, त्या जागेवर राहिला.

दुसरं खातं होतं मोजणीचं. हिंदुस्थानच्या सर्व्हेनं ब्रह्मदेशातून बँकॉकपर्यंत त्रिकोणमितीची साखळी नेण्याची परवानगी मागितली, तेव्हा दरबार घाबरला होता. मोजणीनंतर सैन्य येतं, असा त्यांचा समज. शेवटी त्याच सर्व्हेतल्या जेम्स मॅकार्थी या अधिकाऱ्याला सयामनं नोकरीत घेतलं आणि १८८५ मध्ये मोजणीखातं सुरू केलं.

नकाशाची घाई का होती? मेकाँगच्या दोन्ही काठांवरची लाओ संस्थानं, कंबोडियाचे राजे, दक्षिणेचे मलय सुलतान यांचं बँकॉकशी जे नातं होतं, ते रेषेत मावणारं नव्हतं. केदाचा सुलतान दर तीन वर्षांनी सोन्या-चांदीची झाडं घडवून बँकॉकला पाठवी. लुआंग प्रबांगचा राजा बँकॉकलाही नजराणा देई आणि व्हिएतनामच्या सम्राटालाही. त्यात कोणाला काही चुकीचं वाटत नव्हतं. फ्रान्सनं व्हिएतनाम घेतल्यावर प्रश्न उभा राहिला: लुआंग प्रबांग व्हिएतनामला नजराणा देत असेल, तर ते फ्रान्सचंच का नाही?

हा प्रश्न विचारणारा माणूस ऑगुस्त पावी हा होता. तारखात्यातला हा साधा कर्मचारी पुढे लुआंग प्रबांगला फ्रान्सचा उपवकील झाला. १८८७ मध्ये उत्तरेकडच्या टोळ्यांनी ते शहर जाळलं. सयामी अधिकारी निघून गेले होते. म्हाताऱ्या राजाला आगीतून आणि नदीतून सोडवून नेलं ते पावीच्या माणसांनी. लाओ राजाच्या मनात त्या दिवशी बँकॉकची पत गेली. १८९२ मध्ये हाच पावी फ्रान्सचा प्रतिनिधी म्हणून बँकॉकला आला आणि त्यानं मेकाँगचा अख्खा डावा काठ मागायला सुरुवात केली.

१८९३ चा उन्हाळा सयाम विसरलेलं नाही. फ्रेंच तुकड्या मेकाँगच्या खोऱ्यात शिरल्या होत्या. खाम मुआन या ठाण्याचा सयामी अधिकारी फ्रा योत याला त्यांनी हुसकावून लावलं, आणि जूनमध्ये झालेल्या चकमकीत ग्रोगुरँ नावाचा फ्रेंच अधिकारी मारला गेला. हे निमित्त पुरेसं होतं. चाओ फ्राया नदीच्या मुखाशी पाकनामजवळ राजानं स्वतःच्या खाजगी पैशातून भर घालून नवा किल्ला उभारला होता. त्यावर आर्मस्ट्राँग कंपनीच्या सहा इंची सात तोफा होत्या. १३ जुलैच्या संध्याकाळी ‘अँकॉन्स्तान’ आणि ‘कोमेत’ या दोन फ्रेंच युद्धनौका मुखातून आत आल्या. त्या बाहेरच थांबतील, असं फ्रेंच सरकारनं लंडनला सांगितलं होतं. किल्ल्यानं तोफा डागल्या, नौकांनी उत्तर दिलं, आणि थोड्याच वेळात त्या पुढे निघून बँकॉकला फ्रेंच वकिलातीसमोर नांगर टाकून उभ्या राहिल्या. राजवाडा त्यांच्या माऱ्यात होता.

राजाची सगळी भिस्त इंग्रजांवर होती. सयामचा बहुतेक परदेशी व्यापार ब्रिटिशांच्या हातात होता; ते आपला फायदा सहजी सोडणार नाहीत, असा त्याचा हिशेब. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री लॉर्ड रोझबेरीनं मात्र सल्ला दिला तो एवढाच, की लवकर तडजोड करा. इथं राजाला कळलं, ते थिबाला कळायला वेळच मिळाला नव्हता: दुसरी सत्ता आपल्या शत्रूची शत्रू असते, पण म्हणून ती आपली मित्र होत नाही. फ्रेंचांनी ४८ तासांची मुदत दिली, मग नाकेबंदी केली. सयामनं मान तुकवली. ३ ऑक्टोबर १८९३ च्या तहानं मेकाँगचा डावा काठ गेला, उजव्या काठावरच्या २५ किलोमीटरच्या पट्ट्यातून सयामी सैन्य काढावं लागलं, तीस लाख फ्रँक भरावे लागले, आणि तारण म्हणून चंथाबुरी हे बंदर फ्रेंचांच्या ताब्यात गेलं.

फ्रा योतचं काय झालं, हे मुद्दाम सांगायला हवं. सयामी न्यायालयानं १८९४ मध्ये त्याचा खटला चालवला आणि त्याला निर्दोष सोडलं: तो आपल्या राजाचं ठाणं राखत होता. फ्रान्सला हा निकाल मान्य नव्हता. मग तीन फ्रेंच आणि दोन सयामी न्यायाधीशांचं नवं न्यायालय बसलं आणि त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. १८९८ मध्ये तो सुटला. आपल्याच देशात, आपल्याच कायद्यानं निर्दोष ठरलेल्या माणसाला वाचवता येत नाही, ही जखम राजाच्या पुढच्या सगळ्या धोरणात दिसते.

१८९३ च्या त्या महिन्यांत राजा खचला. तो अंथरुणाला खिळला, औषध घेईना. जुनी राजधानी अयुथ्या गमावणाऱ्या राजांसारखंच आपलं नाव इतिहासात राहील, या भीतीनं त्यानं निरवानिरवीच्या कविता लिहिल्या. त्याचा भाऊ राजपुत्र दामरोंग यानं त्याला पद्यातच उत्तर लिहून पाठवलं आणि उभं राहण्याची विनवणी केली. १८९५ च्या जानेवारीत सोळा वर्षांचा युवराज वारला. तरीही राजा उठला, आणि त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात चिवट काम यानंतरचंच आहे.

दामरोंगकडे गृहखातं होतं. दूरच्या प्रांतांत पिढीजात सरदारांच्या जागी बँकॉकहून नेमलेले आयुक्त जाऊ लागले. करवसुली, पोलीस, शाळा एका हाताखाली आल्या. स्थानिक राजांची सत्ता यात पार गेली, आणि त्यांना ते आवडलं नाही. पण ‘इथं कोणाचंच राज्य नाही’ असं म्हणत येणाऱ्या पुढच्या पावीला आता प्रत्येक जिल्ह्यात बँकॉकचा कागद आणि बँकॉकचा माणूस दिसणार होता.

परदेशी सल्लागार निवडताना राजानं जी दक्षता घेतली, ती खरोखर पाहण्यासारखी आहे. इंग्रज अर्थखात्यात, डॅनिश आरमारात, जर्मन रेल्वेत. कोणत्याही एका राष्ट्राच्या हातात दोन नाड्या द्यायच्या नाहीत. सगळ्यांच्या वर मुख्य सल्लागार बेल्जियन: गुस्ताव रोलाँ-जाकमँ. हा माणूस बेल्जियमचा माजी गृहमंत्री आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नामवंत संस्थेचा संस्थापक होता. इंग्लंड किंवा फ्रान्सला सयामची जमीन मिळाल्यानं बेल्जियमचा काहीच फायदा नव्हता, म्हणून त्याच्या सल्ल्यावर विश्वास टाकता येत होता. तो गेल्यावर ती जागा अमेरिकन कायदेपंडितांना मिळाली, तीही याच हिशेबानं. पैशाच्या बाबतीत राजा आणखी सावध होता. इजिप्तची कर्जापायी काय गत झाली, ते सगळ्यांना दिसत होतं. बँकॉकहून नाखोन राचासिमाला जाणारी रेल्वे १९०० मध्ये पुरी झाली, ती राज्याच्या स्वतःच्या उत्पन्नातून. पहिलं परदेशी कर्ज काढलं ते थेट १९०५ मध्ये, दहा लाख पौंडांचं, आणि तेही लंडन आणि पॅरिस या दोन्ही बाजारांत वाटून.

दरम्यान, १५ जानेवारी १८९६ रोजी इंग्लंड आणि फ्रान्सनं लंडनमध्ये आपसात एक जाहीरनामा केला: चाओ फ्रायाच्या खोऱ्यात दोघांपैकी कोणीही सैन्य घालणार नाही. सयामला कोणी विचारलंही नव्हतं. त्या खोऱ्याबाहेरचा मुलूख जाहीरनाम्यात नव्हता. म्हणजे राज्याचा गाभा सुरक्षित आणि हातपाय उघडे. पुढच्या वर्षी, युरोपच्या दौऱ्यावर निघता निघता, राजानं इंग्रजांशी गुप्त करार केला: मलय द्वीपकल्पातली आपली जमीन ब्रिटनच्या संमतीवाचून तिसऱ्या कोणाला देणार नाही.

एप्रिल ते डिसेंबर १८९७ हा दौरा चालला. मागे राणी साओवाभा राज्य सांभाळत होती. रशियाचा झार दुसरा निकोलस युवराज असताना १८९१ मध्ये बँकॉकला येऊन गेला होता. आता झार निकोलस आणि चुलालाँगकॉर्न शेजारी शेजारी बसलेले आहेत, असं छायाचित्र काढलं गेलं आणि ते युरोपातल्या वृत्तपत्रांत छापून आलं. रशिया हा फ्रान्सचा दोस्त. झार ज्याला बरोबरीनं वागवतो, त्या राजाला रानटी टोळीप्रमुख ठरवणं पॅरिसला आता अवघड होतं. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फोर यांनी त्याचं पॅरिसला रीतसर स्वागत केलं. तंटा मात्र तिथं मिटला नाही.

तो मिटला जमीन देऊन. १९०४ च्या तहात मेकाँगच्या उजव्या काठावरचा लुआंग प्रबांगचा मुलूख आणि चंपासाक गेलं. फ्रेंच चंथाबुरीतून निघाले आणि शेजारच्या त्रातमध्ये जाऊन बसले. १९०७ मध्ये बत्तांबांग आणि सिएम रीप गेले, आणि त्यांच्याबरोबर अंकोरवाट. बदल्यात त्रात परत मिळालं, पण राजाला त्याहून मोलाचं वाटत होतं ते वेगळंच. बँकॉकमधले हजारो लाओ, ख्मेर, व्हिएतनामी आणि चिनी फ्रेंच वकिलातीत नाव नोंदवून सयामी कायद्याबाहेर गेले होते. फ्रान्सच्या आशियाई प्रजेवरचा न्यायाधिकार आता सयामच्या हाती यायला लागला. १९०९ मध्ये असाच सौदा इंग्रजांशी झाला: केदा, केलांतान, तेरेंगानू आणि पर्लिस ही मलय राज्यं दिली, गुप्त करार रद्द झाला, ब्रिटिश प्रजेवर टप्प्याटप्प्यानं न्यायाधिकार मिळाला, आणि दक्षिणेच्या रेल्वेसाठी चाळीस लाख पौंडांचं कर्ज.

राजानं जे वाचवलं, त्याचं मोल कमी नाही. थिबासारखं त्याला कोणत्या परक्या गावात दिवस काढावे लागले नाहीत, आणि त्याच्या प्रजेला परक्यांच्या कचेरीत आपल्याच भाषेचा दुभाष्या शोधावा लागला नाही. पण दिलेली जमीन रिकामी नव्हती. केदाच्या सुलतानानं म्हटल्याचं नोंदलं गेलं आहे, की घेणाऱ्याला क्षमा करता येईल, त्याचं आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं, विकणाऱ्याला नाही. बैल विकावा तसा आपला देश विकला गेला, असं त्याला वाटलं. पिढ्यान् पिढ्या बँकॉकला सोन्याची झाडं पाठवणाऱ्याला सौद्याची खबर सौद्यानंतर मिळावी, हा सयामनं राखलेल्या स्वातंत्र्याचा हिशेब आहे, आणि तो राजाच्या मोठेपणाशेजारीच मांडायला हवा. पाटनीचा मलय मुलूख सयामकडे राहिला. तिथं २००४ पासून पुन्हा रक्त सांडतं आहे.

परदेश्यांचे खास हक्क राजाच्या डोळ्यांदेखत संपले नाहीत. अमेरिकेनं १९२० मध्ये, इंग्लंड-फ्रान्सनं १९२५ मध्ये बरेचसे सोडले. अखेरचे धागे १९३७ मध्ये तुटले.

सीमेचा एक धागा मात्र त्यानंतरही उरला. १९०४ च्या तहात कंबोडियालगतच्या डांग्रेक डोंगररांगेत सीमा पाणलोटाच्या रेषेनं जाईल असं ठरलं होतं. सयामकडे तज्ज्ञ कमी, म्हणून नकाशे काढायचं काम सयामनंच फ्रेंच अधिकाऱ्यांवर सोपवलं. १९०८ मध्ये छापील नकाशे बँकॉकला आले. त्यांत कड्यावरचं प्रेआ विहिआर हे प्राचीन शिवमंदिर कंबोडियाच्या बाजूला दाखवलं होतं. गृहमंत्री दामरोंगनं फ्रेंच वकिलाचे आभार मानले आणि प्रांताधिकाऱ्यांना वाटायला आणखी पंधरा प्रती मागवल्या. १९३० मध्ये, मंत्रिपद सोडल्यानंतर, तो स्वतः ते मंदिर पाहायला गेला. तिथं फ्रेंच रेसिडेंट गणवेशात, फ्रेंच झेंड्याखाली त्याच्या स्वागताला उभा होता. दामरोंगनं हरकत घेतली नाही. उलट परतल्यावर त्यानं रेसिडेंटला काही छायाचित्रं पाठवली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात कंबोडिया आणि थायलंडचा खटला उभा राहिला, तेव्हा त्या पंधरा प्रती आणि ती भेट, दोन्ही पुराव्यात आल्या. १५ जून १९६२ रोजी नऊ विरुद्ध तीन मतांनी मंदिर कंबोडियाचं ठरलं. त्या डोंगररांगेतल्या सीमेवरून २०२५ च्या जुलैमध्ये दोन्ही देशांच्या सैन्यांत पाच दिवस लढाई झाली.